लोटूनानांच्या घरचा बेस

घर कितपत सुधारलं आहे हे पूर्वी लोक दाराच्या चौकटीवरून ओळखत. आता मांडणीवरची भांडी कुणी हात न लावता वाजतात का, यावरून ओळखतात. हा बदल स्वागतार्ह आहे. चौकटीचा आनंद फक्त तिच्याकडे बघणाऱ्यांना मिळतो. भांडी वाजली की तो भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही मिळतो, आणि त्याला तो नाकारता येत नाही.

सुरतेत पर्वत पाटियाच्या मागे आमची सोसायटी आहे. बहुतेक घरं धुळे-नंदुरबारकडची, अहिराणी बोलणारी, लूमवर म्हणजे यंत्रमागावर पोट असलेली. आमच्याकडे घरगुती सबवूफर बांधण्याची कला फार वर गेली आहे. (अनभिज्ञांसाठी खुलासा: सबवूफर म्हणजे गाण्यातला गळा, शब्द वगैरे किरकोळ माल बाजूला काढून फक्त धडधडाट देणारी लाकडी पेटी.) ती दुकानात तयार मिळते, पण तयार पेटी घेणाऱ्याकडे इथे विकतच्या पुरणपोळ्या आणणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघतात.

शास्त्रीय बाजू अशी. लूमच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढली की कान हळूहळू मालाचा काही भाग घेईनासे होतात. आधी बारीक आवाज जातात: पाखरं, मोबाईल, बायका, मुली. जाड आवाज शेवटपर्यंत साथ देतात. त्यामुळे कामगाराला संगीतातलं जे उरतं ते बेस, आणि तो कानाने नव्हे, छातीने ऐकायचा. छाती बहिरी झाल्याचं उदाहरण अद्याप नोंदलेलं नाही.

कारखान्याचा एक शिष्टाचारही इथेच सांगून ठेवतो. तिथे कुणी काही बोललं तर परत 'काय?' म्हणून विचारायचं नाही. मशीन थांबवून ऐकावं असं महत्त्वाचं आजवर कुणी बोललेलं नाही, असं शेठचं मत आहे. म्हणून समोरच्याचे ओठ हलले की मान हलवायची आणि 'हां, हां' म्हणायचं. ही सवय अंगात इतकी मुरते की माणूस घरी आल्यावरही मान हलवतच राहतो. घरगुती भांडणांचं प्रमाण त्यामुळे आमच्याकडे अत्यल्प आहे. (मी एकदा सोसायटीतल्या शंभर पुरुषांना विचारलं, 'तुम्ही घरच्यांचं ऐकता का?' शंभरच्या शंभरांनी मान हलवली. किती जणांना प्रश्न ऐकू गेला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.)

आमच्या शेजारचे लोटूनाना या परंपरेचे मुकुटमणी. त्यांनी पेटी बांधायला काढली त्याच सुमारास त्यांच्या मुलीचं, वर्षाचं, लग्न ठरायला आलं होतं. दोन्ही कार्यं एकदम निघणं हा योगायोग नव्हता. मुलगा जवळच्याच कडोदऱ्याचा, नाव अमोल; त्याचे वडील गोपाळराव तिकडे लूमवरच मास्तर. त्यांच्या घरी म्हणे पेटी होती. आपल्या घरी पाहुणे येणार आणि भांडी गप्प राहणार, ही कल्पना नानांना सहन होईना.

वर्षाचं म्हणणं वेगळं होतं. ती मार्केटमधल्या एका साड्यांच्या पेढीवर बिलिंगला जाते. अमोलने फोनवर तिला एकदाच, पण स्पष्ट सांगितलं होतं, की लग्नानंतर नोकरी बंद. तिला नोकरी सोडायची नव्हती आणि अमोलही नको होता. हे तिने आई उषाबाईंना सांगितलं. उषाबाई म्हणाल्या, "मनं काय चालस? तुना बापले सांग."

म्हणून ती बापाकडे गेली. नाना त्या वेळी पेटीच्या तळाला गोंद लावत होते. (प्लायवूड घरच्याच दिवाणाचं काढलं होतं. उषाबाई तेव्हापासून खाली निजतात. कमरेला चांगलं असतं.) इंटरनेटवरच्या माहितीचं इंग्रजी मला लागतं, म्हणून मी तांत्रिक सल्लागार या नात्याने शेजारी बसलो होतो.

"नाना, माले हाई लगीन करानं नही," वर्षा म्हणाली.

नानांनी वर पाहिलं. मान हलवली. "हां, हां," ते म्हणाले, आणि गोंदाकडे वळले.

पोरीचा चेहरा असा उजळला की काय सांगू! ती धावत आत गेली. "माय, नानांनी हां म्हटलं!" उषाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आमच्याकडे बापाने मान हलवली की विषय संपतो, आणि याही वेळी तो संपलाच होता.

पुढचं काम जोरात झालं. परदेशात पेटीच्या आत महागडा कापूस भरतात. सुरतेत राहून कापूस विकत आणायचा म्हणजे समुद्रात राहून मीठ उसनं मागायचं. नानांनी लूमवरचा टाकाऊ धागा आणि साड्यांच्या चिंध्या भरल्या. बाहेरून मखमली साडी ताणून बसवली, कडेने जरीचा काठ. पेटी इतकी नटली की दारात उभी केली असती तर एखाद्या सुवासिनीने तिला हळदकुंकू लावलं असतं. वारा खेळायला मागे प्लंबरकडचा पाइप बसवला. मग चाचण्या झाल्या. पेटीवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी सांडलं, म्हणजे पहिली चाचणी पास. नानांनी पेटीला छाती टेकवली आणि डोळे मिटले, म्हणजे दुसरीही पास. तिसरी आणि अंतिम चाचणी शेजाऱ्याची असते. पलीकडचे मगनभाई हिऱ्यांवर काम करतात. त्यांचे कान शाबूत असल्यामुळे या क्षेत्रात त्यांचं मत ग्राह्य धरत नाहीत, फक्त त्यांचं येणं ग्राह्य धरतात. ते दारात येऊन "जरा धीमुं करो ने, लोटूभाई" म्हणाले, आणि नानांनी आनंदाने मान हलवली. पेटीला मान्यता मिळाली.

ठरलेल्या दिवशी कडोदऱ्याची मंडळी आली. वर्षा चहा द्यायला बाहेर आली ती निर्धास्त होती. तिला वाटलं, बाप आता पाहुण्यांना समजावून सांगेल, चार गोड शब्द बोलून वाटेला लावेल. नानांनी प्रास्ताविक न करता रिमोट गोपाळरावांच्या हातात दिला. व्याह्याच्या हातात रिमोट देणं हा आमच्याकडे आता मानपान आहे. टोपी-टॉवेलाचे दिवस गेले.

गोपाळरावांनी आवाज वाढवला. भांडी वाजली, गणपतीची तसबीर तिरकी झाली. मंडळी छातीवर हात ठेवून तल्लीन झाली. गोपाळरावांनी खिशातून सुपारी काढली तेव्हा कुठे वर्षाच्या ध्यानात आलं, की घरात काहीच ठरलेलं नाही, किंवा सगळंच ठरलेलं आहे.

"नाना! मी तुमले सांगेल व्हतं ना! माले हाई लगीन करानं नही!" ती ओरडली.

नानांनी मान हलवली. गोपाळरावांनी मान हलवली. त्यांच्या मागे बसलेल्या काकांनी, आतेभावांनी, गावाकडून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मान हलवली. एवढं एकमत आमच्या सोसायटीच्या सभेतही मी पाहिलेलं नाही.

उषाबाई कधी पाहुण्यांपुढे आल्या नव्हत्या. त्या आल्या, पदर खोचला आणि भिंतीतून प्लग उपटला.

पेटी बंद झाली. भांडी थांबली. रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक ऐकू आली. आणि पुरुष मंडळी छातीवर हात ठेवून डोलतच राहिली.

"बेस कसा शे?" नानांनी विचारलं.

"एक नंबर!" गोपाळराव म्हणाले. "डायरेक्ट छातीमा लागस."

(ज्यांची हयात लूमवर गेली त्यांना मशीन बंद पडलं तरी चालूच वाटतं, असं जाणकार सांगतात. वीज वाचवण्याच्या दृष्टीने या बाबीचा शासनाने जरूर विचार करावा.)

त्या शांततेत वर्षाने आपलं म्हणणं तिसऱ्यांदा मांडलं. ओरडून नाही. एकेक शब्द सुटा करून, दुकानात गिऱ्हाईकाला साडीचा भाव सांगतात तसं. नानांनी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे मायेने पाहिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हां बेटा, हां." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरगी सासरी जायच्या गोष्टी बोलते आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. माझाही हात तेव्हा छातीकडे गेला, हे कबूल करतो. मी त्याचं खापर बेसवर फोडलं, पण पेटी बंद होती हे मागाहून लक्षात आलं.

आता कोणी म्हणेल, लूमवाल्यांचे कान गेलेले, त्यांना काय बोल लावायचा? मीही लावत नाही. त्या बिचाऱ्यांनी कान देऊन सुरतेच्या साड्या विणल्या. पण खोलीत चांगले कानवालेही होते. नवरा मुलगा अमोल संगणकावर एम्ब्रॉयडरीच्या डिझाइन काढतो, त्याने लूमचं तोंडही पाहिलेलं नाही. त्याने वर्षाचं बोलणं शब्दन् शब्द ऐकलं. तो जरा पुढे सरकला आणि मला विचारता झाला, "अॅम्प केवढ्याचा बसवला?" मगनभाई तक्रार घेऊन दारात आले होते, त्यांनीही ऐकलं. "ए तो तमारा घरनी वात," म्हणजे हा तुमच्या घरचा मामला, असं म्हणून ते सभ्यपणे परत गेले. तिसरे चांगले कान माझे. पण मला तांत्रिक सल्लागार म्हणून बोलावलं होतं, आणि अॅम्पचा, म्हणजे आवाज फुगवणाऱ्या यंत्राचा, प्रश्न माझ्या अखत्यारीतला असल्यामुळे मी त्याचं उत्तर दिलं.

सुपारी फुटली. उषाबाईंनी पाहुण्यांची ताटं वाढली. वर्षा मोरीत जाऊन भांडी घासत बसली. ती भांडी मात्र खरोखर हाताने वाजत होती.

हा वृत्तांत मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवला. सगळे सुशिक्षित, ठणठणीत कानांचे, मुलींना शिकवावं अशा मताचे. सगळ्यांनी जागच्या जागी मान हलवली, हळहळले, आणि मग एकच गोष्ट विचारली. तुम्हीही तीच विचारणार आहात, म्हणून तुमचा वेळ वाचवतो. स्पीकर बारा इंची, प्लाय अठरा एमएम, पाइप मागच्या बाजूने. बाकी कुणी काही विचारलेलं नाही.