स्वयंपाकघरातला मागूर

या माउली, जरा जवळ सरका. टाळ क्षणभर खाली ठेवा आणि कारधा गावातल्या एका घराच्या सौद्याची गोष्ट ऐका. हसून हसून पोट दुखलं तर दोष बायाबाईला द्या, मला नको.

बायाबाई ही मंगरूची बायको. मंगरू नदीत जाळं टाकणारा, आणि नदी दर पावसाळ्यात त्याच्या झोपडीत शिरणारी. यंदा बायाबाईनं निक्षून सांगितलं होतं, कोरडं घर घ्या, नाहीतर मी माहेरी चालली. म्हणून खेमराज मिस्त्रीला घेऊन दोघं इश्वरभाऊंचं घर बघायला गेले. गाठीला आठ लाख होते, आणि इश्वरभाऊ आठलाच अडून बसले होते.

खेमराजनं हातोडीनं भिंत ठोकली, तर पोपडा त्याच्याच पायावर पडला. चौकट वाळवीनं खाल्लेली. मागचं स्वयंपाकघर उघडलं, तर आत गुडघाभर पाणी. मागल्या बोडीतून, म्हणजे लहानशा तळ्यातून, झिरपून आलेलं. कोरडं करायला दोन लाख लागतील, असं खेमराज म्हणाला. बायाबाई मनातून खूश झाली. आता दोन लाख उतरवायला तोंड होतं.

तेवढ्यात पाण्यात माशाचं शेपूट हललं.

"मागूर होय," मंगरू पुटपुटला, आणि पँट वर करून आत उतरला.

बुवा कीर्तनात सांगतात, मोह माणसाला बुडवतो. मंगरूला त्यानं गुडघ्यापर्यंतच बुडवलं, कारण पाणी तेवढंच होतं.

बायाबाईनं सहा लाख म्हणताच इश्वरभाऊंनी पाण्यात वाकलेल्या मंगरूकडे बोट दाखवलं. "कमी कायले करू, वहिनी? तुमचे मालक तर आतापासूनच राहून राहिले. घरातल्या घरात तलाव कोण देते? साडेआठ होतीन."

"भाऊ बराबर बोलून राहिले," मंगरू पाण्यातून म्हणाला.

बायाबाईनं नवऱ्याकडे पाहिलंच नाही. पदर खोचला.

"तलाव म्हणता ना? खेमराजभाऊ साक्षी आहेत. गावातल्या तलावातली मासोळी आमच्या मच्छीमार सोसायटीची. उद्या सकाळी चाळीस माणसं जाळे घेऊन तुमच्या बैठकीतून जातीन. चिखलाचे पाय पुसाले पोतं तेवढं टाकून ठेवा."

इश्वरभाऊंनी बैठकीतल्या नव्या सोफ्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

"खोलीच होय ते, वहिनी. गळकी खोली."

"मंग गळक्या खोलीचे सहा."

सहावर सौदा पक्का झाला. खोली कोरडी करायला दोन लाख उरले. त्याला आता वर्ष होत आलं. गवंडी यायच्या दिवशीच मंगरूला नेमका मागूर अंड्यावर आलेला दिसतो.

तेव्हा माउली, संध्याकाळी देवापुढं दिवा लावाल, तर बायाबाईची आठवण असू द्या. ती आत्ताही त्याच पाण्यात खाट टाकून, खाटेवर पाय घेऊन भात रांधते आहे.