केळशीकरांच्या फोटोला हार

"देवयानीताई, तिसऱ्या रांगेत वडा खात बसलेत ते कोण हो?" विंगेतून डोकावत परीक्षितने विचारलं आणि विचारता विचारताच वळून स्टेजवरच्या फोटोकडे पाहिलं. टक्कल तेच, मिशाही त्याच. फक्त फोटोला हार घातलेला होता आणि पुढे समई लावली होती, तर खुर्चीतला माणूस लेकीकडे आणखी चटणी मागत होता.

"अगंबाई! हे तर विष्णुपंत केळशीकर!" लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी देवयानीताई मटकन खाली बसल्या. "हे गेले ना रे?"

"तुम्हीच म्हणालात गेले म्हणून! नाटक त्यांचं, आणि परमिशन घेतलेली नाही आपण!"

"अरे, ग्रुपवर श्रद्धांजली आली होती. मी हात जोडलेले पण टाकले!"

लेखक गेला तरी त्याचा हक्क जात नाही, हे न कळायला परीक्षित काही दूधखुळा नव्हता. पण हीरोचं काम मिळालं होतं, म्हणून गडी गप्प बसला होता. लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेत कॉपीराइट सांभाळणं हीच त्याची नोकरी, आणि नोकरीवर त्याचा व्हिसा. याच आठवड्यात त्याने कुठल्याशा देशाच्या नव्या कायद्याची चिरफाड केली होती. तिथे परदेशी लेखकाला तक्रार करायची तर आधी नोंदणी हवी, तिथला एजंट हवा, तिथल्या भाषेत कागद हवेत. तोवर चोर मोकळा! 'ही तर चोरांची सोय,' असं त्याने बॉसला ठणकावून लिहिलं होतं. आता घामाने मेकअप ओघळत असताना त्याला त्या कायद्यात काही म्हणजे काही खोट दिसेना. उलट तो इथेही यावा, आणि पडदा उघडायच्या आत यावा, असं त्याला कळवळून वाटलं.

"ताई, कॅन्सल करू या. माझी नोकरी जाईल, बॅगा भरून पुण्याला जावं लागेल!"

"वेडा आहेस का? हॉल फुल आहे. आधी तो हार काढ!"

तो हार काढायला धावला आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी पडदा उघडला. हातात हार, समोर केळशीकर. प्रेक्षकांना वाटलं सत्कारच आहे. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काय करतो बिचारा? खाली उतरला आणि फोटोचा हार जित्याजागत्या माणसाच्या गळ्यात घालून आला.

पुढचे तीन अंक त्याने जीव मुठीत धरून केले. नाटक संपलं आणि केळशीकर लेकीला घेऊन थेट मेकअप रूममध्ये आले.

"हे नाटक कुणाचं?"

परीक्षित खुर्चीतून उठून उभा राहिला. "तु... तुमचंच, सर."

"छे! माझ्या नाटकाला लोक हसायचे. हे दुसऱ्याच कुणाचं तरी दिसतंय. माझं नाव काढून टाका, मग माझी काही तक्रार नाही."

देवयानीताईंचा जीव भांड्यात पडला. "हो म्हण आणि गप्प बस," त्या कुजबुजल्या. नोकरी वाचली होती, व्हिसा वाचला होता. पण 'लोक हसायचे' हे परीक्षितच्या जिव्हारी लागलं होतं.

"दुसऱ्याचं कसं असेल? शब्दन् शब्द तुमचा आहे! घोकून घोकून पाठ केलाय मी!"

"काही बदललं नाहीत?"

"काना-मात्रासुद्धा नाही! कोर्टात शपथेवर सांगेन!"

केळशीकर पहिल्यांदाच मनापासून हसले आणि लेकीकडे वळले.

"ऋजुता, तू सॉलिसिटर ना गं? घे लिहून."