नाल्यापलीकडे बंद पडणारी स्कूटर

बंद पडलेल्या स्कूटरला सेवकराम गुरुजी आधी कान लावीत, मग नाक, आणि शेवटी तिचा प्लग काढून चक्क जिभेला लावीत. चव घेऊन निदान सांगत, "पानी घुसलं." पुढच्या खेपेला तीच चव घेऊन म्हणत, "कचरा आला." मी दोन्ही वेळा मान डोलवी. यंत्रातलं मला सायकलच्या घंटीपलीकडे काही कळत नाही.

आम्ही दोघं सानगडीच्या शाळेत मास्तर. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. गुरुजींनी भंडाऱ्याहून एक जुनी स्कूटर आणली होती आणि शाळेचे कागद घेऊन आम्ही दर पंधरवड्याला तिच्यावरून तालुक्याला जायचो. वाटेत नाला. त्यावर पूल नव्हता, नुसता रपटा. पाणी असलं तर त्याच्या वरून वाहायचं. रपटा ओलांडला की पाचपन्नास पावलांवर स्कूटर दोनदा खोकायची आणि गप्प.

"गाडी बोलते सर, आयकनारा पायजे," असं म्हणत गुरुजी तिला आडवी करायचे, उभी करायचे, मला ढकलायला लावायचे. माझा घाम निघाला की पान्याने प्लग काढायचे. "याले चुलीवर तापवा लागते." चूलही ठरलेली. समोरच्या गावात दिलेल्या शेवंताची.

शेवंता ही त्यांची एकुलती एक लेक. बायको लवकर गेली. लेकीच्या वेण्यासुद्धा गुरुजींनीच घातल्या. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आणि गुरुजी जुन्या वळणाचे: लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, बिनाकामाचं तिच्या दारात जायचं नाही. "बाप चकरा मारून राहिला, असं सोयऱ्यानं म्हनू नये." काम असलं तर गोष्ट वेगळी. प्लग तापवणं हे काम होतं.

हे सगळं ठाऊक असून माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. पावसाळ्यात गाडी बंद पडणं मी समजू शकतो. पण दिवाळी उलटल्यावर, घोटाभर पाण्यातही? दुसऱ्या एका ओढ्यात तर गुडघाभर पाण्यातून ती बिनतक्रार गेली होती.

"असं काहून होते हो गुरुजी?"

"ते पानी निराळं."

मी पुन्हा मान डोलवली.

होळीच्या सुमारास नाला जवळजवळ आटला. चाकांची नुसती कड भिजली, तरी स्कूटर खोकली आणि बंद. गुरुजींनी प्लग चाखला. "ओल हाये," म्हणाले आणि गेले. मी पाहिला होता, प्लग ठणठणीत कोरडा होता. वैतागून मी स्कूटरला टेकलो तो हात सीटखालच्या पेट्रोलच्या कॉकला लागला. कॉक आडवा, म्हणजे बंद. शाळेसमोर गाडी लावताना गुरुजी तो आडवा करीत, म्हणून एवढं मला माहीत. मी तो उघडला आणि रोगाचं मूळ सापडल्याच्या आनंदात शेवंताच्या घराकडे धावलो.

गुरुजी सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बाजेवर बसले होते. शाळेत कधी न हसणारा हा माणूस कुणाची तरी नक्कल करून लेकीला हसवत होता. शेजारी पाण्याचा गडवा तसाच भरलेला. अंगणातल्या चुलीशी शेवंता. प्लग चुलीच्या पार कडेला होता आणि माझ्यादेखत तिनं तो चिमट्यानं आणखी मागे सारला.

"अगं, अशानं तो कधी तापायचा?"

ती हळूच म्हणाली, "नोको तापू द्या काका. तापला का बाबा निघतेत."

बापलेकीच्या भेटीत मी कसलं शहाणपण सांगायला आलो होतो! तसाच मागे फिरलो, कॉक पुन्हा आडवा केला आणि बाभळीखाली जाऊन बसलो.

बऱ्याच वेळानं गुरुजी आले. "कटाळले काय सर?"

"छे! अजून थोडा तापू द्यायचा होता," मी म्हटलं.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून ते बराच वेळ प्लग बसवत राहिले.