क्रॉयडनची पिवळी साथ

हे मी लिहिणारच नव्हतो. खरंच. पण गिरीशने स्वतः लिहायला घेतलं आणि त्याचं पहिलं वाक्य मला व्हॉट्सॲपवर पाठवलं:

"क्रॉयडन ते ब्रॅकनेल या संपूर्ण पट्ट्यात गुन्हेगारांची झोप उडवणारा, घारीच्या नजरेचा, वस्तऱ्याच्या बुद्धीचा आणि तरीही कमालीचा विनम्र असा एकच मराठी डिटेक्टिव्ह आहे."

म्हणून मी लिहितोय.

त्या पट्ट्यात झोप उडते ती फक्त माझी. आम्ही दोघं लंडनच्या क्रॉयडनमध्ये अनुराधाकाकूंच्या लॉफ्टमध्ये, म्हणजे माळ्यावरच्या खोलीत, भाड्याने राहतो, आणि हा झोपेत साक्षीदार तपासतो. दिवसा तो ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करतो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. मी वेबसाइट बनवतो. यूट्यूबवर बघून शिकलो. त्यामुळे गिरीशच्या मते मी 'असिस्टंट मटेरियल'.

त्याचं दुसरं वेड म्हणजे टॉर्च. छोट्या, एलईडीवाल्या, ड्रॉवरभर. नवीन टॉर्च हातात आली की आधी लेन्स बघणार आणि "कोटिंग आहे" म्हणणार, डॉक्टर "गाठ आहे" म्हणतात त्या आवाजात. त्याचं म्हणणं, लेन्सवरचं कोटिंग प्रकाश खातं. ते काढलं की टॉर्च 'मोकळी' होते. हे त्याला कुणी सांगितलं? त्यानेच. तो स्वतःचा फार मोठा चाहता आहे.

मग केस आली. केस म्हणजे तनू. काकूंची मुलगी, आमची मैत्रीण, इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नवीन डॉक्टर. ऑक्टोबरातला शुक्रवार. ट्रॅममधून उतरून आली ती कोट न काढता किचनमध्ये बसली.

"मला डोळे तपासून घ्यायला सांगितलंय," ती म्हणाली. "माझे."

झालं असं होतं, की तिला वॉर्डमधले पेशंट पिवळे दिसायला लागले होते. डोळ्यांत पेन-टॉर्च मारली की पिवळे. कावीळ असेल म्हणून ब्लड टेस्ट पाठवायची, रिपोर्ट नॉर्मल. पुन्हा पिवळा, पुन्हा नॉर्मल. शेवटी तिचे कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डचे मोठे डॉक्टर, सगळ्यांसमोर अगदी गोड आवाजात म्हणाले, एकदा ऑप्टिशियनकडे जाऊन येतेस का? इंग्लिश माणूस इतकं गोड बोलला की समजायचं, आपलं संपलं.

"आता मी काही बोलतच नाही," तनू म्हणाली. "आज नऊ नंबर बेडचे आजोबा पिवळे वाटले. मी गप्प बसले. सोमवारी कन्सल्टंटनी याचसाठी मीटिंग ठेवलीय. त्याच्या आत मला कळायला हवं, मला दिसतं की नाही. नसेल दिसत तर मी हे काम करू नये."

मी ताबडतोब फोन काढला आणि तिच्यासाठी ऑप्टिशियन शोधला. मित्र म्हणून.

"टॉर्च बघायची का?" मी नंतर म्हणालो.

"टॉर्च संशयाच्या पलीकडे आहे," गिरीश म्हणाला. "ती मी स्वतः ट्यून केलीय, सप्टेंबरात. लेन्सवरचं कोटिंग टूथपेस्टने घासून काढलं. क्लीन."

"लाइट जरा वॉर्म वाटतो रे हल्ली," तनू म्हणाली.

"तो प्रकाशाचा खरा रंग आहे. तुम्हा लोकांना खऱ्याची सवय नाही."

तिने मान डोलावली. सगळ्यांनी चूक ठरवलं की माणूस गिरीशवरसुद्धा विश्वास ठेवतो.

गिरीशची पहिली थिअरी: गाजर. "गाजराने माणूस पिवळा पडतो. सायन्स आहे." शनिवारी सकाळी साहेब हॉस्पिटलच्या कॅफेत बसून लोकांच्या ताटातली गाजरं बघत होते. एका बाईंनी विचारलं, "आर यू ऑलराइट, लव्ह?" हा म्हणाला, "मी ड्यूटीवर आहे." मग सिक्युरिटीवाल्याने त्याला दरवाजा शोधायला मदत केली. परत आला तो दोन निष्कर्ष घेऊन: गाजर निर्दोष आहे, आणि तिथला स्कोन नावाचा गोड पाव कोरडा आहे.

दुसरी थिअरी जिन्यातच सुचली. "कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं! म्हणजे कावीळ पेशंटना नाहीच. तनूला आहे!"

"अरे, ती म्हण आहे," मी म्हणालो.

"म्हणी काय उगाच पडतात?"

त्याने तनूची टॉर्च घेतली आणि तिच्याच डोळ्यांत मारली. पिवळे. तनूचा चेहरा उतरला. मग माझ्या डोळ्यांत मारली. पिवळे. मग आरशासमोर उभं राहून स्वतःच्या. पिवळे.

"घरात साथ आहे," तो म्हणाला.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाला काहीतरी सुचलं असतं. मी घाबरलो. तनू स्वतःचं पोट दाबून लिव्हर लागतंय का बघत होती. डॉक्टर!

काकूंनी ऐकलं आणि तेल-तिखट बंद केलं. ऊस काही क्रॉयडनच्या हाय स्ट्रीटवर मिळेना, म्हणून मुळ्यावर भागवलं. "मऊ भात करते. तिघांनी तोच खायचा, तोंडं वाकडी न करता." त्यांनी ताटात तांदूळ ओतला, किडे आहेत का बघायला टेबलावरची तनूची टॉर्च उचलली, आणि थांबल्या.

"अगं बाई. तांदळालाही कावीळ झाली का?"

आम्ही तिघं वाकून बघितलं. बासमती. पिवळाधमक.

गिरीश पुढे सरसावला. "काकू, कुणी हात लावू नका. साथ अन्नातून—"

"गप रे." काकूंनी टॉर्च उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला, लेन्सवरून नख फिरवलं. "हळद आहे ही. खंडेनवमीला तुमच्या सगळ्यांच्या हत्यारांची पूजा नाही का केली मी? हिचा स्टेथोस्कोप, हिची टॉर्च, तुमचे लॅपटॉप, माझा कुकर."

"पण आई, मी पुसली होती दुसऱ्या दिवशी!"

"गिरीशचीही टॉर्च होती की पूजेत. आण रे."

त्याने आणली. नवी, लाडकी, अजून न घासलेली. काकूंनी दोन्ही भिंतीवर मारल्या. गिरीशची: लख्ख पांढरा गोल. तनूची: शिळ्या वरणाचा डाग, आणि तोही मिणमिणता.

"तीच हळद, तेच बोट," काकू म्हणाल्या. "त्याची निघाली, हिची बसली. डब्याचं झाकण तारेने घासलं की त्यात हळद शिरते, तसं झालंय. हिची काच कुणी घासली?"

तनूने गिरीशकडे बघितलं. मी गिरीशकडे बघितलं. गिरीशने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कुणीही संशयित नव्हतं.

"म्हणजे कोटिंग थोडा प्रकाश खात असेलही," तो शेवटी म्हणाला, "पण नंतरचा सगळा प्रकाश वाचवतं. हे मी प्रयोगाने सिद्ध केलं."

"माझ्या टॉर्चवर," तनू म्हणाली.

"सॅम्पल लागतंच."

"उन्हात ठेव," काकू म्हणाल्या. "हळद उन्हाने उडते."

"आई, ऑक्टोबर आहे. क्रॉयडन आहे."

"मग एप्रिलपर्यंत ठेव."

तनू हसायला लागली. खूप दिवसांनी. आणि मध्येच थांबली.

"नऊ नंबरचे आजोबा."

"तीही हळदच," गिरीश म्हणाला.

"नाही. त्यांना मी खिडकीपाशी बघितलं होतं. दिवसाउजेडी. टॉर्च मारलीच नव्हती." तिने वॉर्डला फोन लावला. आवाज आधी लटपटला, मग सरळ झाला. "येस, यलो. हो, मला माहितेय मी आधी काय काय बोललेय. तरीही. प्लीज, ब्लड्स पाठवा."

आम्ही मऊ भात खाल्ला. मुळाही. कावीळ कुणालाच नव्हती, पण काकूंना हे कोण सांगणार?

संध्याकाळी वॉर्डमधून फोन आला. आजोबांना खरोखर कावीळ होती. पित्ताच्या नळीत खडा. बरं झालं आज सांगितलंस, असं नर्स म्हणाली. सोमवारी तनू दोन्ही टॉर्च घेऊनच मीटिंगला गेली. कन्सल्टंट या वेळी गोड बोलले नाहीत. नुसतं "वेल स्पॉटेड" म्हणाले. म्हणजे मनापासून म्हणाले.

घरी आल्यावर ती माझ्यासमोर बसली.

"तू मला ऑप्टिशियन शोधून दिलास."

"चांगला होता गं. रिव्ह्यू बघितले होते मी."

ती हसली नाही. "एकानेसुद्धा म्हटलं नाही, 'असेल पिवळं.' एकानेसुद्धा."

"मी म्हणणारच होतो," गिरीश म्हणाला.

"तू गप," आम्ही दोघं म्हणालो.

मग मी तिला शब्द दिला, काकूंसमोर, उरलेल्या मुळ्यावर हात ठेवून: घरातली टूथपेस्ट यापुढे माझ्या कुलपात राहील. आणि तू पुन्हा कधी पिवळं म्हणालीस, तर मी 'खरंच?' असं विचारणार नाही. 'कुठे?' असं विचारीन.