निवडुंगाची झिप

एका सिनेमात मी मेले आणि मेल्यावर रुसून बसले, हा माझा सर्वांत मोठा गाढवपणा. तेव्हा मी जेमतेम पासष्टीची होते. अक्कल यायला अवकाश होता.

सिनेमा अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावच्या शेजाऱ्यांचा, मधुभाऊंचा. नोकरीभर कारखान्यात कॉम्प्युटरच्या चिपवर धुळीचा कण खपवून न घेणाऱ्या या माणसाने रिटायर झाल्यावर गराजमध्ये माणसं खाणारा निवडुंग बांधला. जुन्या योगा मॅट, काट्यांना टूथपिक, आत जावई. तो आतून "बाबा, इट्स सो हॉट" म्हणे, आणि बाबा लायटिंग करत. निवडुंगाच्या पाठीवरची झिप मी झाकायला गेले, तर म्हणाले, "वहिनी, झिप दिसलीच पाहिजे."

त्या झिपेवर त्यांची श्रद्धा होती. नव्याने अमेरिकेत आले तेव्हा ते आणि त्यांची बायको कुसुम ड्राइव्ह-इनला, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या उघड्या थिएटरला जात. गाडीत डबा उघडून पोळीभाजी खायची आणि भिकार राक्षसपट बघायचे. राक्षसाच्या पोशाखाची झिप दिसली की कुसुम हसत हसत डॅशबोर्ड बडवायची. त्याच सिनेमांची ही टिंगल. आता कुसुम माणसं विसरत चालली होती, हसणं तर बंदच झालं होतं. "एकदा हसली पाहिजे," मधुभाऊ म्हणत. मी ऐकलं होतं. पण लक्ष माझ्या क्लोज-अपवर.

कॉलेजात नाटकाचं बक्षीस घेतलेली मी. निवडुंगाने गिळताना असा हंबरडा फोडला की समोरची गोरी बाई फोन हातात घेऊन धावत आली. मधुभाऊ हळूच म्हणाले, "वहिनी, जरा वाईट करा ना." मी आणखी जीव ओतला.

सिनेमा दाखवला तो त्यांच्या गराजच्या दारावर चादर लावून, समोर गाड्या उभ्या करून. माझ्या मरणावर सगळे खो खो हसले. पुढच्या गाडीत तर कोणीतरी डॅशबोर्ड बडवत होतं. कोण, ते बघायला मी थांबले नाही. तरातरा मधुभाऊंकडे गेले.

"माझा सीन काढून टाका. नाहीतर आपलं बोलणं बंद."

ते पुढच्या गाडीकडे बघत होते, डोळे ओले. मला वाटलं, हसून.

"काढतो," म्हणाले. आणि त्यांचं काढतो म्हणजे काढतोच. मूळ फाइलसुद्धा पुसली.

पुढच्या वर्षी कुसुम गेली. मी भेटायला गेले. विचारलं, "सिनेमा बघायची का हो?"

"रोज," मधुभाऊ म्हणाले. "निवडुंग आला की विचारायची, ती रडणारी बाई कुठे गेली?"