आकृतीबरहुकूम

मुरुम गावच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गौरीशंकर सरांनी शिवप्रियाचा अर्धा गुण कापला, तो रीतसर कापला होता. सूक्ष्मदर्शकाच्या आकृतीत तळाच्या भागाला 'आरसा' असं नाव द्यायचं असतं. तिनं 'दिवा' लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिची आई मल्लम्मा शाळेत हजर.

"सर, पोरगी म्हणती, कपाटातल्या यंत्राला खाली दिवाच हाय. तुमी एकदा बघा की."

सर सूक्ष्मदर्शक इतका उत्तम शिकवत, की तो बघायची गरज त्यांना आजवर पडली नव्हती. कपाट उघडलं. नेत्रिका जागच्या जागी, वस्तुभिंगं जागच्या जागी, मंचही शाबूत. तळाशी मात्र खरोखरच दिवा.

"दिवा काय, आरसा काय," सर सावरून म्हणाले, "काम एकच, खालून उजेड द्यायचा. तो पदार्थातून आरपार जातो, वस्तुभिंग त्याची मोठी प्रतिमा करतं, नेत्रिका ती आणखी मोठी करते."

"मग गुण कशाला कापला?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. सर तडक मुख्याध्यापक कृष्णराज सरांकडं गेले.

"गुण दिला तर आकृती चुकीची ठरते," मुख्याध्यापक गंभीरपणे म्हणाले. "आकृती चुकीची, तर आजवरचे सगळे निकाल चुकीचे. पुस्तक बदलणं आपल्या अधिकारात नाही, सर. यंत्र बदलणं मात्र आहे."

ताबडतोब 'यंत्र सुधार समिती' नेमली गेली. अध्यक्ष, सचिव आणि सदस्य गौरीशंकर सरच. सरांनी स्वतःशी चर्चा करून एकमतानं ठराव केला, पकडीनं दिवा उपटला आणि त्या जागी घरचा दाढीचा आरसा चिकटवला. त्या दिवसापासून त्यांची दाढी अंदाजानं होऊ लागली. आरसा खिडकीकडं कलता ठेवावा लागतो, हे सर वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले होते. चिकटवताना तेवढं राहून गेलं.

पुढं तपासणीला साहेब आले आणि नेमकं म्हणाले, "कांद्याची पेशी दाखवा."

सरांनी कांद्याचा पापुद्रा ठेवला, स्क्रू फिरवले, डोळा लावला. आत मिट्ट काळोख. तेवढ्यात साहेबांनी स्वतःच डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि मान डोलावली.

"छान! पेशीभित्तिका अगदी ठळक आहेत."

मुख्याध्यापकांनाही त्या ठळकच दिसल्या. मग साहेबांनी शिवप्रियाला पुढं बोलावलं. तिनं वाकून बघितलं. एकदा मान वर करून सरांकडं पाहिलं, पुन्हा वाकली. खरं बोल गं बाई, असं सरांना आतून फार वाटलं. पण समितीच्या अध्यक्षांना ते मोठ्यानं म्हणता येईना.

"काय दिसतंय, बाळ?"

"पेशी, सर. भित्तिका ठळक हायत."

टाळ्या पडल्या. सरांनी त्याच दुपारी तिला अर्धा गुण देऊन टाकला. पोरगी हुशार निघाली, असं सगळे म्हणाले. आपणही तेच म्हणालो असतो. आकृतीचे पूर्ण गुण घेऊनच तर आपण एवढे मोठे झालो.