अवकाशयानातली सामुदायिक डुलकी

चांगला चाललेला फिल्म क्लब बंद कसा पाडावा, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडे यावं! निदान त्या रविवारपर्यंत माझा असाच समज होता.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी आमचा क्लब भरतो. चिटणीस मी. म्हणजे खुर्च्या लावणार मी, पडदे ओढणार मी, प्रोजेक्टरची मनधरणी करणार मी, आणि शेवटी चर्चेत "आवाज बारीक होता" हे ऐकून घेणारही मीच! आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम करायचं आणि रविवारी हे. खरंच थकलो होतो हो! जेवून पंख्याखाली आडवं व्हावं, एवढीच इच्छा होती. राजीनामा दिला की सगळे म्हणत, "तुमच्याशिवाय आहे कोण?"

शेवटी ठरवलं, साप मरावा आणि काठीही मोडू नये. एक जुना, गाजलेला विज्ञानपट लावायचा. त्यात एक यान मंगळाकडे निघतं आणि पहिला तासभर नुसतं निघतच राहतं. लोक वैतागतील, क्लब आपोआप बंद पडेल!

यान निघालं. जरा वेळानं मागे वळून पाहिलं, तर दंतवैद्यांची मान छातीवर. माझी आत्या भिंतीला टेकलेली. ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर तर चक्क घोरत होते. बायकोही गाढ! मला हेवा वाटला, पण आनंदही झाला. सबंध सिनेमा मी एकटाच जागा होतो, कारण प्रोजेक्टर मध्येच रुसतो.

सिनेमा संपला, दिवे लावले. आता सगळे माझ्यावर तुटून पडणार, या आशेनं मी उभा राहिलो. पण आपण झोपलो होतो हे कबूल कोण करणार?

"अप्रतिम!" दंतवैद्य डोळे चोळत म्हणाले. "कप्तान जांभई देतो आणि तोंडात दातांच्या जागी तारे दिसतात, तो प्रसंग तर केवळ..."

असा प्रसंग सिनेमात नव्हताच!

"मला बाई तो यंत्रमानव आवडला," आत्या म्हणाली. "न सांगता कपड्यांच्या घड्या घालतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"आणि मंगळावर यान रिव्हर्समध्ये लावतो तो!" मास्तर म्हणाले. "एकदाही क्लच न सोडता!"

सगळ्यांच्या माना डोलत होत्या. "शेवटी नवरा आपण होऊन माळा आवरतो," बायको म्हणाली, "तेवढं मात्र पटलं नाही."

माझा तोल सुटला. "अहो, यातलं काहीही सिनेमात नाही! यान जातं, बंद पडतं, संपलं!"

दंतवैद्यांनी माझ्याकडे कीड लागलेल्या दाढेकडे पाहावं तसं पाहिलं.

"चिटणीस, तुम्ही झोपला होतात?"

चोराच्या उलट्या बोंबा! पण जागा असलेला साक्षीदार आणायचा कुठून? ठराव एकमतानं झाला. पुढच्या रविवारी हाच सिनेमा पुन्हा, खास चिटणीसांसाठी! आणि त्यांना डुलकी लागू नये म्हणून शेजारी मास्तर बसतील.

घरी आलो, कपडेही न बदलता आडवा झालो. डोळा लागतोय न लागतोय तोच बायकोनं पंखा बंद केला.

"उठा आता. तिकडे झोप झाली ना!"